पोटगी आणि वाटा : विभक्त स्त्रीच्या आर्थिक हक्कांचा इतिहास

विवाह मोडला म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. स्त्रीने उद्यापासून खायचे काय, हा पहिला. ज्या घरात तिने आयुष्याची दहा-वीस वर्षे राबून काढली त्या घरात, भांड्याकुंड्यांत, शेतात, शिलकीत तिचे काय आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला आपल्या भाषेत ‘पोटगी’ हा शब्द आहे. जुन्या दाव्यांच्या कागदांत ‘अन्नवस्त्र’ असाही शब्द आढळतो. हे दोन्ही शब्द बोलके आहेत. पोटगी म्हणजे पोटापुरते, आणि अन्नवस्त्र म्हणजे जीव जगवण्यापुरते अन्न व लज्जारक्षणापुरते वस्त्र. ज्याला देणे भाग पडते तो देतो आणि जिची गरज असते ती घेते, असे नाते या शब्दांतून सूचित होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा शब्द ‘वाटा’ हा आहे. वाटा मागणारा हा मालक असतो, याचक नसतो. भावाला भावाकडून वाटा मिळतो, भागीदाराला भागीदाराकडून वाटा मिळतो. पत्नीला पतीकडून मात्र पोटगी मिळते.

पोटगी आणि वाटा यांमधील हे अंतर भारतीय समाजात कसे निर्माण झाले, ते मिटविण्यासाठी कोणते प्रयत्न झाले, आणि बौद्ध समाजाच्या दृष्टीने आज त्याचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. प्राचीन काळ : सुटकेची किंमत

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात भार्या, पुत्र आणि दास हे तिघे निर्धन सांगितले आहेत. त्यांनी जे मिळविले ते ज्याचे ते आहेत त्याचे, असा तेथील निर्णय आहे. नवव्या अध्यायात विक्रीने किंवा त्यागानेही पत्नी पतीपासून मुक्त होत नाही असा नियम येतो. हे दोन नियम एकत्र वाचले म्हणजे त्यांचे खरे स्वरूप ध्यानात येते. पती पत्नीला टाकू शकतो, परंतु टाकलेली पत्नी मोकळी होत नाही. आणि ती मोकळी झाली असती तरी तिच्या पदरी काही उरले नसते. त्याच अध्यायात सहा प्रकारचे स्त्रीधन सांगितले आहे, हे खरे. पण ते मुख्यतः आईबाप, भाऊ, पती यांनी प्रेमाने दिलेले धन आहे. स्त्रीच्या श्रमातून उभे राहिलेले धन त्यात मोडत नाही.

कौटिल्याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या अर्थशास्त्रात चित्र पुष्कळसे वेगळे आहे. त्यात स्त्रीधनाचे वृत्ती आणि आबन्ध्य, म्हणजे निर्वाहाची तरतूद आणि अंगावरील अलंकार, असे दोन भाग केले आहेत. परस्परांचा द्वेष असेल तर दोघांच्या संमतीने मोक्ष, म्हणजे विवाहविच्छेद, शक्य मानला आहे. धर्म्य मानल्या गेलेल्या पहिल्या चार विवाहप्रकारांना मात्र ही सवलत नाही. मालमत्तेसंबंधीचा नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. स्त्रीच्या अपराधामुळे पुरुषाला सुटका हवी असेल तर त्याने तिच्याकडून जे घेतले ते परत करावे. परंतु पुरुषाच्या अपराधामुळे स्त्रीला सुटका हवी असेल तर तिला ते परत मिळत नाही. म्हणजे दोष पुरुषाचा असला तरी सुटकेची किंमत स्त्रीनेच भरायची. हा नियम पुढे अनेक शतके निरनिराळ्या वेषांत आपल्याला भेटणार आहे.

बौद्ध वाङ्मयाकडे वळल्यावर नियमांऐवजी माणसे भेटतात. थेरीगाथेतील इसिदासी ही उज्जेनीच्या एका श्रेष्ठीची मुलगी. साकेतच्या कुलीन घरात तिचा विवाह झाला. सासूसासऱ्यांची व पतीची सेवा तिने दासीसारखी केली. तरी पतीला ती नकोशी झाली. तिने काही अपराध केला का, असे सासूसासऱ्यांनी विचारले, तेव्हा त्यालाही तिचा दोष सांगता आला नाही. ती माहेरी परत धाडली गेली. पित्याने तिला दुसऱ्या घरी दिले, तेव्हा पहिल्या वेळेच्या निम्मेच शुल्क घेतले. तेथून एका महिन्याने ती परतली. तिसरा पती एक भिक्षा मागणारा होता. तोही पंधरवड्यात निघून गेला. अखेर जिनदत्ता थेरीकडे तिने प्रव्रज्या घेतली.

या गाथांत पुढे पूर्वजन्मीच्या कर्माची कथा जोडलेली आहे. मागील जन्मातील कर्माने या जन्मीचे दुःख समजावून सांगण्याची पद्धत बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात चिकित्सेला घेतली आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने गाथेचा पहिला भाग अधिक मोलाचा आहे. निर्दोष स्त्री दोन घरांतून बाहेर पडते आणि दोन्ही वेळा ती काय घेऊन बाहेर पडली याचा उल्लेखच नाही, कारण तो करण्याजोगा नव्हता. निम्मे झाले ते तिचे शुल्क, आणि तेही पित्याच्या हाती गेले.

दुसरी कथा धम्मदिन्नेची. मज्झिमनिकायातील चूळवेदल्लसुत्तात विशाख उपासकाच्या प्रश्नांना जी भिक्षुणी उत्तरे देते ती हीच. अट्ठकथेनुसार विशाख हा तिचा पूर्वाश्रमीचा पती. अनागामी अवस्था प्राप्त झाल्यावर संसार सोडण्याचा निश्चय करून त्याने तिला सांगितले की, या घरातील धन तुला हवे तेवढे घे. येथे राहा किंवा माहेरी जा. त्याने टाकून दिलेले आपण का घ्यावे, अशा अर्थाचे उत्तर देऊन तिने प्रव्रज्येची अनुज्ञा मागितली. अट्ठकथा पुष्कळ नंतरच्या काळातील आहे. तरीही विभक्त होताना पत्नीपुढे घरातील धन ठेवले पाहिजे, ही कल्पना बौद्ध परंपरेला परकी नव्हती एवढे या कथेवरून म्हणता येते. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात पतीची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पत्नीचा सन्मान आणि तिच्याशी एकनिष्ठा यांबरोबर ‘इस्सरियवोस्सग्ग’ म्हणजे घरातील अधिकार तिच्या स्वाधीन करणे हेही एक आहे. हा गृहस्थांना केलेला उपदेश आहे, कायदा नव्हे. परंतु मनूने निर्धन ठरविलेल्या स्त्रीशेजारी हा उपदेश ठेवून पाहावा.

२. काडीमोड, देज आणि रखमाबाई

ब्राह्मणी धर्मशास्त्राने विवाह अविच्छेद्य मानला तरी बहुसंख्य जातींत तसे नव्हते. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी किंवा फारकत आणि त्यानंतर पाट किंवा म्होतूर ही रीत रूढ होती. दिनांक २४ फेब्रुवारी १९४९ रोजी संविधान सभेत (विधिमंडळ) बोलताना बाबासाहेबांनी याच वस्तुस्थितीकडे बोट दाखविले. शूद्र म्हणविल्या जाणाऱ्या जातींत घटस्फोट रूढीने चालत आलेला आहे आणि हिंदू समाजाचा सुमारे ९० टक्के भाग या जातींचा आहे. तेव्हा घटस्फोट ही हिंदूंना अपरिचित गोष्ट आहे असे म्हणणे खोटे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

मात्र या रूढीचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू विसरता कामा नये. जेथे मुलीचे देज घेण्याची चाल होती तेथे स्त्रीला फारकत हवी असेल तर पहिल्या नवऱ्याचे देज किंवा लग्नखर्च परत करावा लागे. तो तिचा बाप करी किंवा पाट लावणारा नवा नवरा करी. निर्णय जातपंचायत देई आणि पंचायतीत स्त्रीला जागा नसे. काडीमोडीने स्त्रीला पुन्हा घर मांडण्याची मुभा दिली, ही तिची थोरवी आहे. पहिल्या घरातील श्रमाचा हिशेब मात्र तिने कधीच मांडला नाही.

सुधारकी मुंबईतही चित्र फारसे निराळे नव्हते. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली रखमाबाईंविरुद्ध नांदावयास येण्याचा दावा केला. अकराव्या वर्षी झालेला विवाह आपल्याला मान्य नाही ही रखमाबाईंची भूमिका होती. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली त्यांच्या बाजूने दिलेला निकाल पुढे टिकला नाही, आणि पतीकडे जा अथवा तुरुंगात जा असा पेच त्यांच्यापुढे उभा राहिला. १८८८ साली तडजोड झाली ती २००० रुपये दादाजींच्या हाती पडल्यावर. पुढे डॉक्टर झालेल्या या स्त्रीला आपले स्वातंत्र्य अक्षरशः विकत घ्यावे लागले. कौटिल्याचा नियम, पंचायतीचे देज आणि उच्च न्यायालयातील तडजोड यांतील साम्य उघड आहे.

३. नागपूरचा ठराव

घटस्फोटाचा आणि संपत्तीचा हक्क दलित स्त्रियांना कोणीतरी वरून बहाल केला, असे लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांनी दिनांक २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेचे ठराव पाहावेत. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रियांच्या त्या समुदायासमोर बाबासाहेबांनी भाषण केले. प्रत्येक विवाहित मुलीने नवऱ्याशी मित्राच्या व समानतेच्या नात्याने वागावे, त्याची दासी होण्यास नकार द्यावा, हा त्या भाषणाचा गाभा होता. त्याच परिषदेत पत्नीच्या घटस्फोटाच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळावी आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे असे ठराव मंजूर झाले. हिंदू कोड बिल बाबासाहेबांच्या हाती येण्यापूर्वी काही वर्षे ही मागणी आपल्या आजी-पणजींनी उघड सभेत केली होती.

या काळात कायद्याची पावलेही पडू लागली होती. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत हिस्सा मिळाला, परंतु तो हयातीपुरता. १९४६ साली हिंदू विवाहित स्त्रीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क काही कारणांसाठी देण्यात आला. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. या सर्व सुट्या सुधारणांना एका सूत्रात गुंफण्याचे काम १९४१ साली नेमलेल्या आणि १९४४ साली पुनरुज्जीवित झालेल्या बी. एन. राव समितीकडे होते. तिचा मसुदा १९४७ साली विधिमंडळात आला. पुढे कायदामंत्री या नात्याने तो बाबासाहेबांकडे आला.

४. हिंदू कोड बिलातील आर्थिक विचार

हिंदू कोड बिलाची चर्चा बहुधा घटस्फोट आणि एकपत्नीत्व यांभोवती फिरते. विरोधकांनीही तेथेच गदारोळ केला. दिनांक ९ एप्रिल १९४८ रोजी बिल प्रवर समितीकडे सोपविताना बाबासाहेबांनी केलेले भाषण मात्र संपत्तीपासून सुरू होते आणि बराच वेळ संपत्तीवरच राहते. त्यातील मुद्दे क्रमाने पाहू.

पहिला मुद्दा स्त्रीच्या मालकीचा. स्त्रीला मिळालेली मालमत्ता हयातीपुरती, मर्यादित हक्काची राहू नये. ती तिची पूर्ण मालकीची असावी. दुसरा मुद्दा मुलीच्या वारसाहक्काचा. राव समितीने मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा सुचविला होता. प्रवर समितीत तो मुलाइतकाच करण्यात आला. तिसरा मुद्दा हुंड्याचा. हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता ही विश्वस्त मालमत्ता मानावी, तिचा लाभ त्या मुलीला मिळावा आणि अठरा वर्षांची झाल्यावर तिने ती मागून घ्यावी. पतीचा किंवा सासरच्यांचा तिच्यावर काही हक्क नसावा. चौथा मुद्दा विभक्त राहणाऱ्या पत्नीच्या पोटगीचा. पतीला घृणास्पद रोग असणे, त्याने रखेली ठेवणे, क्रूरता, दोन वर्षे त्याग, धर्मांतर किंवा अन्य सबळ कारण असेल तर पत्नी वेगळी राहूनही पोटगीस पात्र ठरावी.

या चार मुद्द्यांचा एकत्रित अर्थ काय? बाबासाहेबांनी घटस्फोटाचा हक्क एकटा सोडला नाही. स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेचा आधार त्याला दिला. जिच्याजवळ स्वतःचे काही नाही तिला घटस्फोटाचा हक्क देणे म्हणजे बुडत्याला काठ दाखवून दोर न टाकणे होय. संसदीय चर्चेत त्यांनी संस्कारविवाहाचे वर्णन पुरुषाला बहुपत्नीत्व आणि स्त्रीला कायमचे दास्य अशा आशयाच्या शब्दांत केले, तेव्हा दास्य हा शब्द त्यांनी अलंकार म्हणून वापरला नव्हता. दासाला मालमत्ता नसते, हे मनूचेच सूत्र आहे. महाबोधी या नियतकालिकात १९५१ साली त्यांनी हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती या विषयावर जो लेख लिहिला, त्यातही घटस्फोट व मालमत्ता यांबाबत मनू स्त्रीला कोठवर खाली नेतो याची चर्चा आहे.

येथे इतिहासाशी प्रामाणिक राहून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. विवाहानंतर पतिपत्नींनी मिळविलेली मालमत्ता विच्छेदाच्या वेळी दोघांत समान वाटावी अशी तरतूद हिंदू कोड बिलातही नव्हती. पित्याकडील वारसा, स्त्रीधनावरील मालकी आणि पतीकडून पोटगी या तीन खांबांवर ती रचना उभी होती. परंतु त्या काळी एवढेही सहन झाले नाही. बिल रखडले, त्याचे तुकडे झाले, आणि दिनांक २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १० ऑक्टोबरच्या निवेदनात त्यांनी या बिलाच्या वाताहतीचे कारण उघडपणे मांडले.

पुढे चार स्वतंत्र कायदे झाले. हिंदू विवाह अधिनियम १९५५ चा; वारसाहक्क, अज्ञानत्व व पालकत्व, आणि दत्तक व पोटगी हे तीन अधिनियम १९५६ चे. दत्तक व पोटगी अधिनियम दिनांक २१ डिसेंबर १९५६ रोजी अमलात आला. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

५. कायद्याने काय दिले, काय दिले नाही

१९५५ च्या अधिनियमाचे कलम २ बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू होते. त्यामुळे धम्मदीक्षेनंतरही बौद्धांचे विवाह आणि विच्छेद याच कायद्याने चालतात. आर्थिक बाजूची तीन कलमे महत्त्वाची आहेत. कलम २४ दावा चालू असतानाच्या पोटगीचे व खर्चाचे. कलम २५ कायम पोटगीचे. कलम २७ मालमत्तेचे. पहिली दोन कलमे पती वा पत्नी कोणालाही लागू पडतात. कलम २७ कडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या संयुक्त मालकीच्या असू शकणाऱ्या वस्तूंपुरताच त्याचा विस्तार आहे. लग्नातील कपाट, भांडी, पलंग यांचा निर्णय न्यायालय या कलमाखाली देऊ शकते. लग्नानंतर वीस वर्षांनी बांधलेल्या घराबद्दल कलम मौन पाळते. घर ज्याच्या नावावर त्याचे, एवढाच सर्वसाधारण नियम उरतो.

दुसरा मार्ग फौजदारी कायद्यातील पोटगीचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ मध्ये दरमहा कमाल मर्यादा ५० रुपये होती. १९२३ साली ती १०० आणि १९५५ साली ५०० झाली. १९७३ च्या संहितेत हेच कलम १२५ म्हणून आले. त्यात ‘पत्नी’ या शब्दात घटस्फोटित आणि पुनर्विवाह न केलेल्या स्त्रीचाही समावेश झाला, हे मोठे पाऊल होते. परंतु ५०० रुपयांची मर्यादा तशीच राहिली. केंद्राने ती काढून टाकली २००१ साली. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक महागाई चढत गेली आणि टाकलेल्या बाईच्या पोटाची किंमत कायद्याच्या पुस्तकात गोठून राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ या विषयाला लागू आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नावर स्त्रियांनी चळवळ उभारली. १९८८ साली संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. घटस्फोटही नाही आणि संसारही नाही अशा टाकलेल्या स्त्रियांचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला. त्याच सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा पत्नीच्या नावे करावा असा आग्रह धरला गेला. पोटगीकडून वाट्याकडे जाण्याची ही लोकांमधून आलेली दिशा होती.

न्यायालयांनीही काही दारे उघडली. तुलसम्मा विरुद्ध शेष रेड्डी (१९७७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या हक्कापोटी स्त्रीला मिळालेली मालमत्ता वारसाहक्क अधिनियमाच्या कलम १४ अन्वये तिच्या पूर्ण मालकीची होते असे ठरविले. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार (१९८५) मध्ये स्त्रीधन हे पत्नीचेच असते, ते सासरी ठेवले म्हणून संयुक्त होत नाही, आणि ते परत न करणे हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो असे सांगितले. १९४८ साली बाबासाहेबांनी हुंड्याबाबत मांडलेली विश्वस्ताची कल्पना आणि १९८५ चा हा निकाल यांमधील नाते सहज दिसते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) मध्ये उभय पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र देणे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देणे याविषयी निर्देश झाले. राहण्याचा हक्क मिळाला, मालकीचा नाही. उत्पन्न उघड करावे लागते, वाटून द्यावे लागत नाही.

वाट्याचा प्रश्न सोडविण्याचा एक प्रयत्न संसदेत झाला होता. विवाह कायदे (सुधारणा) विधेयक, २०१० यामध्ये विवाह पूर्णतः मोडल्याच्या कारणावरून घटस्फोट देताना पतीच्या मालमत्तेत पत्नीला हिस्सा देण्याची कल्पना पुढे आली. राज्यसभेने ते २०१३ साली संमत केले. पुढे लोकसभा विसर्जित झाल्यावर ते गळून पडले. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने कन्नैयन नायडू विरुद्ध कमसला अम्माळ या प्रकरणात, गृहिणीचे घरकाम हे पतीच्या कमाईला हातभार लावते, म्हणून त्यातून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही समान वाटा आहे असा निर्णय दिला. हा विचार एका उच्च न्यायालयाचा आहे. देशाचा कायदा अजून तेथवर आलेला नाही.

६. शेजारचा गोवा

असा कायदा भारताच्या भूमीवर अशक्य आहे काय? सह्याद्री उतरून गोव्यात गेले की उत्तर मिळते. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता गोव्याला १८७० पासून लागू झाली. तीनुसार विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता एकत्र होते आणि त्या एकत्रित मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क मानला जातो. घटस्फोटाची सोय १९१० च्या पोर्तुगीज कायद्याने झाली. विच्छेदानंतर सामाईक मालमत्तेची वाटणी होते. स्थावर मालमत्ता विकायची तर दुसऱ्या जोडीदाराची संमती लागते. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या अधिनियमाने ही व्यवस्था चालू ठेवली, आणि आज ती धर्मनिरपेक्षपणे हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्व गोमंतकीयांना लागू आहे. संसाराच्या मालमत्तेचा कारभार व्यवहारात पतीच्याच हाती राहतो, अशी टीका या व्यवस्थेवर होते आणि ती रास्त आहे. तरीही तेथील स्त्री विभक्त होताना पोटगीची विनवणी करण्याआधी वाट्याची मागणी करू शकते.

७. बौद्ध समाजापुढील प्रश्न

आता आपल्या घराकडे वळू. वारसाहक्काचा समान हिस्सा हा बाबासाहेबांच्या योजनेचा मुख्य खांब होता. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलीला एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायाद केले, तेव्हा तो खांब अधिक भक्कम झाला. परंतु ज्यांच्या बापजाद्यांना जमीनच नव्हती त्यांच्या मुलीला समान वारशात काय मिळणार? आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांची मालमत्ता वडिलोपार्जित नाही. ती एका किंवा दोन पिढ्यांत, नोकरीतून, मजुरीतून, गिरणीतल्या पाळ्यांतून उभी राहिलेली आहे. चाळीतली खोली, वसाहतीतले घर, भविष्यनिर्वाह निधी, विम्याची रक्कम हीच आपली इस्टेट. ही इस्टेट विवाहानंतर निर्माण झाली. ती निर्माण होत असताना एकजण बाहेर राबत होता, आणि दुसरी घरी राबत होती किंवा घरी व बाहेर दोन्हीकडे राबत होती. म्हणून जमीनदार घराण्यातील लेकीपेक्षाही आपल्या लेकीच्या दृष्टीने विवाहोत्तर मालमत्तेच्या वाटणीचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पोटगीचा कायदा तिला जगवील; तिने उभारलेल्या घरातून ती रिकाम्या हाताने बाहेर पडेल, हे मात्र तो थांबविणार नाही.

बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी अनेक वर्षे होत आहे. तिच्या चर्चेत विधी कसा असावा, वधूवरांनी कोणती प्रतिज्ञा घ्यावी, कोणाच्या साक्षीने विवाह व्हावा यावर भर दिसतो. तो अनाठायी नाही. परंतु बाबासाहेबांच्या १९४८ च्या भाषणाचा क्रम आठवावा. त्यांनी मालमत्तेचा विचार आधी मांडला. स्वतंत्र कायद्याच्या मसुद्यात विवाहानंतर मिळविलेल्या मालमत्तेच्या समान वाटणीचे कलम नसेल, तर विधी बदलूनही स्त्रीचे स्थान जेथल्या तेथे राहील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर विहारांना व कुटुंबांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. विवाह विहारात वा मंडपात बौद्ध पद्धतीने झाला तरी त्याची शासकीय नोंदणी केली पाहिजे. महाराष्ट्रात १९९८ चा नोंदणी अधिनियम त्यासाठीच आहे. पोटगीच्या दाव्यात विवाहच झाला नाही असा बचाव घेतला जातो, तेव्हा नोंदणीचा एक कागद वर्षानुवर्षांचा वाद टाळतो. फौजदारी पोटगीच्या प्रकरणात विवाहाचा काटेकोर पुरावा लागत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने द्वारिका प्रसाद सत्पथी (१९९९) प्रकरणात म्हटले असले, तरी पुरावा हाती असलेला बरा. विवाहसमयी वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी करावी आणि एक प्रत वधूकडे राहावी. घर घेताना ते दोघांच्या नावे घ्यावे. समाजाच्या बैठकीत एखादे जोडपे विभक्त होण्याचा निर्णय झाला, तर ‘तिला काय द्यायचे’ असे न विचारता ‘यात तिचे किती आहे’ असे विचारावे. प्रश्नाचा शब्द बदलला की उत्तराचा आकडाही बदलतो, असा अनुभव येईल.

इसिदासीची कथा अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आपल्यापर्यंत आली. तिला संघाने आसरा दिला, कारण समाजाने तिच्यासाठी दुसरी जागा ठेवली नव्हती. धम्मदिन्नेपुढे घरातील धन ठेवले गेले होते आणि तिने ते स्वेच्छेने नाकारले. नाकारण्यासाठीसुद्धा आधी हक्क असावा लागतो. नागपूरच्या मंडपात १९४२ साली हात वर करून ठराव मंजूर करणाऱ्या स्त्रियांनी घटस्फोटाचा हक्क मागितला होता, तो मिळाला. त्या हक्काला वाट्याची जोड देण्याचे काम त्यांच्या नातवंडांकडे उरले आहे.